जुनं घर पाडायला किती खर्च येतो? बडोद्यातल्या एका पाडकामाचा पूर्ण हिशेब

काकांचं दांडिया बाजारामागच्या गल्लीतलं घर पाडायचं ठरलं, तेव्हा तीन ठेकेदार येऊन बघून गेले. पहिला म्हणाला, "१,६०,००० द्या, निघेल तो माल तुमचा." दुसरा म्हणाला, "तुम्ही काही देऊ नका, मीही देत नाही, माल माझा." तिसऱ्याने उलट आम्हालाच ६०,००० देऊ केले. घर तेच, भिंती त्याच, आणि पहिल्या-तिसऱ्यात २,२०,००० चं अंतर. काका म्हणाले, तिसऱ्याला हो म्हणून टाक. मी दोन दिवस मागून घेतले, टेप आणि वही घेऊन घर खोलीखोलीने मोजलं आणि मग तिघांचे आकडे एकाच कोष्टकात बसवले. अंतर उरलं ते फक्त २३,००० चं. त्यात सगळ्यात महाग पडणारा निघाला तो काहीच न मागणारा.

तेव्हापासून नात्यातले, ओळखीचे, कोणी ना कोणी विचारतच असतं की "पाडायला फुटामागे काय दर चाललाय?" बांधकामाला असा दर सांगता येतो, कारण तिथे माल घालायचा असतो. पाडताना माल निघतो. त्यामुळे पाडकामाचा खर्च ही वजाबाकी असते: मजुरी, राडारोड्याची वाहतूक आणि शेजारच्या भिंतीची काळजी यांची बेरीज करायची आणि त्यातून जुन्या इमारती काटमाळाची, म्हणजे घरातून निघणाऱ्या लाकूड-विटा-लोखंडाची, किंमत वजा करायची. ही वजाबाकी मालकाने स्वतः केली नाही, तर ठेकेदार ती आपल्या मनात करतो आणि मालकाच्या हाती फक्त उत्तर देतो.

पाडण्याआधी: पुन्हा बांधता येईल का?

हे आधी बघा, बाकी सगळं नंतर. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा हे पुरातत्त्व खात्याचं केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढचा २०० मीटरचा पट्टा नियंत्रित असतो. नियंत्रित पट्ट्यात सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घेऊन घर पुन्हा बांधता येतं. प्रतिबंधित पट्ट्यात नवं बांधकाम होत नाही. १६ जून १९९२ च्या आधीपासून उभं असलेलं घर असेल तर दुरुस्ती किंवा नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो, तेवढंच. म्हणजे त्या १०० मीटरच्या आत एखाद्याने उत्साहाने घर जमीनदोस्त केलं, तर दुरुस्त करायलाही काही उरत नाही आणि नवं बांधायलाही वाट राहत नाही. रावपुरा आणि आसपासच्या गल्ल्यांमध्ये मराठी घरं पुष्कळ आहेत, म्हणून हे कळकळीने सांगतो. हजिरा मकबऱ्याच्या आजूबाजूलाही हाच नियम आहे. अंतर आपल्या अंदाजाने ठरवू नका, नकाशावर मोजून घ्या.

दुसरं कागदांचं. सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचंच नाव असेल, तर सगळ्या वारसांची लेखी संमती आधी हवी. पुण्याला किंवा अमेरिकेला असलेल्या आत्याचीसुद्धा. घरावर कर्ज असेल तर बँकेला विचारल्याशिवाय एक वीटही काढू नका, कारण तारण ठेवलेली वस्तूच तुम्ही मोडत असता. भाडेकरू असेल तर वकिलाकडे जा. महापालिकेच्या निर्भयता शाखेची जर्जर घराची नोटीस हाती असली, तरी भाडेकरूचा प्रश्न त्या नोटिशीने आपोआप सुटत नाही. ही नोटीस १९४९ च्या महापालिका कायद्यातल्या कलम २६४ खाली येते. ती आली म्हणून घाबरून पहिल्या भेटलेल्या माणसाला काम देऊ नका. आधी धिरे (भिंतीला आधार देणारे टेकू) लावून घर स्थिर करा, महापालिकेला तसं लेखी कळवा आणि मग पुढचं ठरवा.

नव्या घराचा आराखडा इंजिनिअरकडे देऊन रजाचिठ्ठीचं (बांधकाम परवानगीचं) काम मार्गी लागेपर्यंत जुनं घर उभं राहू द्या. पाडण्याआधी त्याचं मोजमापासकट रेखाचित्र करून घ्या. ओटा कुठपर्यंत होता, पन्हाळ कुणाच्या बाजूला पडत होती, खिडकी किती उंचीवर होती, हे सगळं घर गेल्यावर कुणालाच सिद्ध करता येत नाही.

घर मोजा: राडारोडा किती निघेल?

आमच्या घराचं माप सांगतो म्हणजे पद्धत कळेल. रुंदी १८ फूट, खोली ४० फूट, तळमजला आणि वर माडी, एकूण उंची २० फूट. एका बाजूची भिंत आमची स्वतःची, दुसरी शेजाऱ्यांबरोबर सामाईक. ती पाडायची नव्हती, म्हणून मोजणीत धरली नाही.

पाडायच्या भिंतींची लांबी: बाजूची ४०, पुढची-मागची मिळून ३६, मधल्या दोन आडव्या भिंती ३२. एकूण १०८ फूट. जाडी सवा फूट. १०८ गुणिले २० गुणिले १.२५ म्हणजे २,७०० घनफूट. दारं-खिडक्या-कोनाड्यांचे १५ टक्के वजा केल्यावर साधारण २,३०० घनफूट वीटकाम. एका घनमीटरात ३५.३ घनफूट, म्हणजे हे ६५ घनमीटर झालं. विटांच्या भिंतीचं वजन घनमीटरला १.९ टन धरतात, म्हणजे जवळजवळ १२४ टन. एवढं वजन दोन माणसांच्या रुंदीच्या गल्लीतून बाहेर न्यायचं आहे, हे डोळ्यांसमोर आलं की पाडकामाचा बराच खर्च कुठे जातो ते समजतं.

पण पाडलेली भिंत उभ्या भिंतीपेक्षा जास्त जागा घेते, कारण तुकड्यांमध्ये हवा शिरते. मी १.४ पट धरतो. २,३०० घनफुटांचे ३,२२० होतात. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे ३२ ब्रास. त्यात जमिनीची फरशी, कौलं, गिलाव्याचा चुरा यांचे ५ ब्रास घातले की ३७. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास मावतो, म्हणजे ३७ फेरे. ठेकेदार "पंचवीस-तीस फेरे होतील" असं हवेत बोलतो तेव्हा तुमच्या वहीत हा आकडा हवा.

खणून पायाही काढायचा असेल तर तो वेगळा मोजा. "जोत्यापर्यंत" आणि "पायासकट" या दोन शब्दांवरून जितकी भांडणं होतात तितकी दराच्या आकड्यावरून होत नाहीत.

काटमाळ: घराच्या पोटातला पैसा

आपल्या पोळांमधल्या (जुन्या शहरातल्या दाट वस्तीच्या गल्ल्यांमधल्या) जुन्या घरांचा सांगाडा सागाचा असतो. खांब, तुळया, कड्या (तुळयांवर टाकलेली बारीक आडवी लाकडं), जिना, माडीच्या फळ्या. जुना साग वाळून स्थिर झालेला असतो, म्हणून सुतार तो शोधत येतात. बडोद्यात जुन्या इमारती काटमाळाचा धंदा करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या वखारींमध्ये दोन-तीन सकाळी नुसतं फिरून या. कोणत्या आकाराच्या लाकडाला मागणी आहे, कशाला नाही, हे तिथे समजतं.

लाकूड घनफुटात विकलं जातं. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिन्ही गुणा आणि १४४ ने भागा. आमच्याकडे १४ फुटी, ८ बाय ६ इंची १२ तुळया होत्या. एका तुळईचे ४.६७ घनफूट, बाराचे ५६. ९ फुटी, ४ बाय ३ इंची ६० कड्या, प्रत्येकी पाऊण घनफूट, म्हणजे ४५. आठ खांब, ९ फुटी, ८ बाय ८ इंची, प्रत्येकी ४, म्हणजे ३२. एकूण १३३ घनफूट.

यातले १३३ च्या १३३ विकले जात नाहीत. भिंतीत गाडलेली टोकं ओल धरून कुजलेली असतात आणि वाळवीही तिथूनच शिरते. वखारवाला टोकं कापून मग मोजतो, आणि ते बरोबरच आहे. म्हणून मी हिशेबात ११० घनफूटच धरले. खरं लाकूड बघायचं असेल तर टोकाशी जाडसर दाभण टोचून पाहा. सहज आत गेला तर तेवढा भाग सोडून द्या.

नक्षीचा दरवाजा, झरोका, कोरीव टोडे किंवा पितळी कड्या असतील तर त्या उक्त्या सौद्यात घालू नका. पाडकाम सुरू होण्याआधी सुताराकडून अलगद काढून घ्या आणि घरातच ठरवा की ठेवायचं की विकायचं. आमच्या आजीच्या देवघराची चौकट मी अशीच काढून ठेवली होती. आज ती चुलतभावाच्या नव्या घरात बसलेली आहे.

विटांकडे लोक फार दुर्लक्ष करतात, म्हणून जरा थांबून सांगतो. जुनं बांधकाम चुन्यातलं असेल तर चुना विटेपेक्षा मऊ असतो. बसूलीने दोन टोले घातले की वीट साफ निघते. सिमेंटमध्ये बसवलेली वीट सांधा सोडत नाही, स्वतःच फुटते. म्हणून आधी भिंतीचा एक कोपरा उकलून बघा. आमचं घर चुन्यातलं होतं. ६५ घनमीटरला घनमीटरमागे ५०० प्रमाणे ३२,५०० विटा. त्यातल्या ४० टक्के धडधाकट निघतील असं धरलं, म्हणजे १३,०००. त्या विकल्या तर पैसे येतातच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या राडारोड्यातून वजा होतात. एवढ्या विटांचं भिंतीतलं आकारमान ९०० घनफुटांच्या थोडं वर जातं, १.४ पट धरलं की ते १२ ब्रासच्या पुढे जातं, त्यामुळे ३७ फेऱ्यांचे २५ होतात. एकच वीट दोनदा पैसे वाचवते.

सामाईक भिंत

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. पोळातली घरं एकमेकांच्या खांद्यावर उभी असतात. सामाईक भिंतीत तुमच्या तुळयांची टोकं एका बाजूने आणि शेजाऱ्यांची दुसऱ्या बाजूने शिरलेली असतात. तुमच्या तुळया त्या भिंतीला आडवा आधार देत असतात. त्या काढल्या की भिंत उंच, बारीक आणि एका बाजूने उघडी पडते. तुळया काढण्याआधीच धिरे बसायला हवेत, नंतर नाही. कुठे आणि किती कोनात, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागेवर येऊन सांगावं. त्याची फी ही या कामातली सगळ्यात सार्थकी लागणारी रक्कम आहे.

काम सुरू होण्याआधी शेजाऱ्यांच्या घरात त्यांच्याबरोबर फिरा. आधीच असलेल्या प्रत्येक तड्यावर पेन्सिलने तारीख घाला आणि फोटो काढा. दोन्ही घरांनी त्यावर सह्या कराव्यात. आमच्या शेजारच्या आजी सुरुवातीला नाराज झाल्या, "इतकी वर्षं एकत्र राहिलो आणि आता सह्या?" पण पुढे जिन्याजवळ एक तडा दिसला तेव्हा तो जुनाच आहे हे फोटोवरून त्यांनीच ओळखलं आणि संबंध टिकले. कायदाही इथे शेजाऱ्याच्या बाजूने बोलतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार एखाद्या घराला दुसऱ्याच्या बांधकामाचा आधार २० वर्षं बिनतक्रार मिळत असेल, तर तो आधार मिळण्याचा हक्क तयार होतो. तुमचं घर तुम्ही पाडू शकता, पण शेजाऱ्याचा आधार तुम्हाला तसाच काढून घेता येत नाही.

उघडी पडलेली बाजू पावसाआधी गिलावा करून बंद करायची असते. आतली भिंत म्हणून बांधलेली ती भिंत पाऊस सोसायला बनवलेलीच नसते. तुळयांची भोकं विटा-चुन्याने भरून घ्यायची, मग गिलावा. आमच्या घरी ४० बाय २० म्हणजे ८०० चौरस फूट. हा खर्च कोणत्याही ठेकेदाराच्या आकड्यात नव्हता. तिघांपैकी एकानेही तो शब्द काढला नव्हता.

आता कोष्टक

खालचे दर आमच्या वहीतले, पण गणित समजावं म्हणून गोल केले आहेत. तुमच्या आठवड्यातले दर विचारून त्याजागी घाला. मजूर, ट्रॉली आणि भंगार यांचे भाव सतत हलत असतात.

मजुरी: ६ माणसं, १४ दिवस, ७०० रोज – ५८,८००
सुतार: ४ दिवस, १,२०० रोज – ४,८००
विटा साफ करणं: १३,००० विटा, एकीला १ रुपया – १३,०००
गल्लीतून रस्त्यापर्यंत गाढवं किंवा हातगाडी: २५ ब्रास, ५०० दराने – १२,५००
ट्रॉली: २५ फेरे, १,२०० दराने – ३०,०००
धिरे, जाळी, पत्र्यांचा आडोसा – २०,०००
सामाईक भिंतीचा गिलावा: ८०० चौरस फूट, ४५ दराने – ३६,०००
इंजिनिअर, रेखाचित्र, जोडण्या बंद करणं – १२,०००
एकूण खर्च – १,८७,१००

लाकूड: ११० घनफूट, १,२०० दराने – १,३२,०००
दारं-खिडक्या: १० नग, २,००० दराने – २०,०००
विटा: १३,०००, ३ रुपयांनी – ३९,०००
लोखंड आणि किरकोळ – ५,०००
एकूण जमा – १,९६,०००

म्हणजे सगळं स्वतः उभं राहून केलं तर ८,९०० हातात उरतात. अनपेक्षित गोष्टींसाठी खर्चावर १० टक्के ठेवा, आणि ते पूर्ण लागले तर १०,००० च्या आसपास पदरचे जातात.

आता तिघांकडे वळू. धिरे, गिलावा आणि इंजिनिअर यांचे ६८,००० कोणीच धरले नव्हते, ते तिन्ही वेळा आमच्याच माथी. पहिल्याला १,६०,००० द्यायचे, त्यात मजुरी आणि वाहतूक त्याची. वर ६८,००० आणि विटा साफ करायचे १३,०००, आणि माल विकून १,९६,००० आमचे. खिशातून जाणार ४५,०००. दुसऱ्याला काही द्यायचं नाही, पण मालही त्याचा, म्हणून आमचे ६८,००० गेले. तिसरा ६०,००० देणार होता. त्याला मी फक्त एकच प्रश्न विचारला, राडारोड्याचं काय? तो म्हणाला, "रोडां तमारे काढवानां," म्हणजे रोडा तुम्हीच काढायचा. २५ फेऱ्यांचे, गल्लीतल्या वाहतुकीसकट, ४२,५०० आमच्यावर आले आणि खिशातून जाणारी रक्कम झाली ५०,५००.

४५,०००, ६८,००० आणि ५०,५००. इथे लबाडी कोणाचीच नव्हती. प्रत्येकाने वेगवेगळ्या गोष्टी आत-बाहेर ठेवल्या होत्या इतकंच. म्हणून ठेकेदाराला आकडा विचारण्याआधी चार गोष्टी विचारा: माल कुणाचा, राडारोडा कुणाचा, कुठपर्यंत पाडणार आणि शेजारची भिंत कोण सांभाळणार. ही चार उत्तरं सारखी असतील तरच दोन आकड्यांची तुलना करता येते.

आम्ही शेवटी पहिल्यालाच काम दिलं. तो स्वस्त होता हे कारण थोडं, आणि धिऱ्यांबद्दल इंजिनिअर बोलत असताना तो वहीत लिहून घेत होता हे कारण जास्त. तुमच्याकडे माल ठेवायला जागा आणि रोज उभं राहायला माणूस नसेल, तर माल ठेकेदाराला देऊन टाकणं शहाणपणाचं. त्यात त्याला नफा होईल, आणि जोखीम तोच घेत असल्यामुळे तो व्हायलाही हवा. फक्त तो किती आहे ते तुम्हाला माहीत असावं.

कारेलीबाग, मांजलपूरकडची स्लॅबची घरं

इथे हिशेब उलटा फिरतो. लाकूड नाही, सिमेंटमधली वीट फुटते, आणि स्लॅब फोडायला ब्रेकर लावलेलं यंत्र लागतं. पण गाडी दारापर्यंत येते, त्यामुळे दिवस कमी लागतात. १,००० चौरस फुटांचा ५ इंची स्लॅब म्हणजे ११.८ घनमीटर, वजन २९ टनांच्या वर. घनमीटरला ७०-८० किलो लोखंड धरलं तर ८२५ ते ९४५ किलो निघतं. बाहेर आलेली सळई मोजायची असेल तर व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि १६२ ने भागा. एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मिलिमीटरच्या सळईला ०.८९ किलो. भंगारवाल्याचा काटा यावरून पडताळता येतो. सळई कुणाची, हे कागदावर लिहून घ्या. स्लॅबच्या घरात काटमाळाची बहुतेक किंमत तिच्यातच असते.

मागच्या पडवीवर जुने सिमेंटचे नाळीदार पत्रे असतील तर त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ते फोडायचे नाहीत. पाणी मारून ओले करायचे, बोल्ट सोडवून अख्खे खाली घ्यायचे, आणि काम करणाऱ्याच्या तोंडावर नीट मास्क हवा. ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

कामाचा क्रम आणि सुरक्षितता

घर ज्या क्रमाने चढलं त्याच्या उलट क्रमाने उतरतं. आधी कौलं, मग आढं आणि वासे, माडीच्या फळ्या, कड्या, आणि मग भिंती वरून खाली, थराथराने. भारतीय मानक ४१३० हे पाडकामाच्या सुरक्षिततेचंच आहे. इंजिनिअरला त्याप्रमाणे काम व्हावं असं सांगा. भिंत खालून पोखरून ढकलायची घाई मजूर करतात, कारण काम लवकर उरकतं. माणसं मरतात ती बहुतेक याच घाईत. ठेकेदाराकडे मजुरांचा अपघात विमा आहे का ते पॉलिसी बघून खात्री करा, नुसत्या "हो साहेब"वर नको. त्याच्याकडे नसेल तर तो काढायचा खर्च तुम्ही द्या.

वीज मध्य गुजरात वीज कंपनीकडून बंद करून मीटर काढून घ्या. पाइपचा गॅस असेल तर वडोदरा गॅसचा माणूस येऊन लाइन बंद करेपर्यंत कोणी पहार उचलू नये. पाणी मात्र तोडू नका, धूळ बसवायला रोज लागतं. ड्रेनेजचं तोंड आधी बुच मारून बंद करा. आमच्या गल्लीत एकाने ते केलं नव्हतं. चुऱ्याने लाइन तुंबली आणि चार घरांच्या मोऱ्या उलट्या वाहू लागल्या. त्याचा भुर्दंड पाडकामाच्या मजुरीपेक्षा जास्त गेला.

अंगणात जुना खाळकुवा (सांडपाणी-मैलापाण्याचा खड्डा) किंवा विहीर असेल तर ती जागा आधी खुणेने घेरून ठेवा. खाळकुव्यात विषारी वायू साठलेला असतो. कोणालाही आत उतरवू नका, वरूनच भरून घ्या आणि थराथराने चोपा, नाहीतर नव्या घराचा पाया तिथेच खचेल.

राडारोडा कुठे जातो?

हा प्रश्न पैशांच्या पलीकडचा आहे, तरी पैशांच्या हिशेबातच तो लपतो. सगळ्यात स्वस्त फेरा रात्री विश्वामित्री नदीच्या कोतरात (घळीत) रिकामा होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आपण सगळ्यांनी ते घरात बघितलं. ज्या खोलगट जागांनी पाणी झेलायचं, त्या आपणच आपल्या घरांच्या विटांनी बुजवत असतो. म्हणून वॉर्ड ऑफिसातून राडारोडा टाकायची अधिकृत जागा लेखी विचारा, तिथलं अंतर धरूनच ट्रॉलीचा दर ठरवा आणि प्रत्येक फेऱ्याची पावती घ्या. पावती नसेल त्या फेऱ्याचे पैसे नाहीत, हे करारातच लिहा.

केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांपेक्षा जास्त राडारोडा काढणाऱ्यांवर तो वेगवेगळा करून ठेवण्याची आणि त्याची योजना आधी देण्याची जबाबदारी टाकली होती. एक ब्रास राडारोडा पावणेचार टनांच्या आसपास भरतो, म्हणजे दिवसाला सहा ट्रॉल्या निघाल्या की २० टन ओलांडले जातात. एका घराचं काम लहान आहे असं समजून चालू नका. काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड-प्लॅस्टिक आणि विटा-गिलावा हे ढीग वेगळे ठेवले की विक्रीलाही तेच सोयीचं पडतं. थोडा धडधाकट रोडा नव्या घराच्या जोत्यात भरायला बाजूला ठेवा, तेवढे फेरे वाचतात.

केव्हा आणि कसे पैसे द्यायचे

पाडकाम दिवाळीनंतर काढा आणि होळीच्या आत संपवा. दाहोद, छोटा उदेपूरकडचे मजूर होळीला गावी जातातच, आणि मग काम दोन-तीन आठवडे अर्धवट उघडं पडतं. १४ आणि १५ जानेवारीला उत्तरायण. त्या दोन दिवसांत शेजारच्या गच्च्यांवर मुलं असतात, भिंतीला हात लावू नका.

आगाऊ रक्कम १५-२० टक्क्यांपेक्षा जास्त नको. पुढचे हप्ते दिवसांवर नव्हे तर टप्प्यांवर द्या: छप्पर उतरलं, माडी उतरली, भिंती जोत्यापर्यंत आल्या, जागा साफ झाली. शेवटचे १५ टक्के जागा झाडून मिळाल्यावर आणि शेजाऱ्यांच्या घरात पुन्हा एकदा त्या पेन्सिलच्या खुणा तपासून झाल्यावर. माल ठेकेदाराचा असेल तर त्याच्याकडून मिळणारे पैसे लाकूड गल्लीबाहेर जाण्याआधी घ्या. लाकूड गेल्यावर त्याचा राडारोड्यातला रस कमी होतो. जीएसटी आकड्यात धरला आहे की वेगळा, हेही लिहून घ्या.

जागा मोकळी झाली की फोटोसह वॉर्ड ऑफिसात अर्ज देऊन घर पाडल्याची नोंद करा आणि पोच घ्या, नाहीतर नसलेल्या घराचा वेरा (घरपट्टी) येत राहतो. चारी बाजूंनी पत्रे लावा. जोत्याच्या आतली जमीन मधोमध खोलगट राहू देऊ नका. पहिल्या पावसात तिथे तळं साचतं आणि ते पाणी सामाईक भिंतीच्या पायात मुरतं.